शवपेटीतून पहिल्यांदा कोण उठलं?

मागच्या महिन्यात बैठक आटोपल्यावर आमचा एक साथी माझ्या खोलीवर मुक्कामाला होता. रात्री मी मोबाइलवर गाणं लावलं. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "हे काय मढ्यावरचं लावलंयस? ज्यांच्या घरात मरण न बोलावता येतं त्यांनी मरणाचे लाड करायचे नसतात. हे पोटभरल्या गोऱ्या पोरांचं नाटक आहे." मी म्हटलं, बरं, लिहून उत्तर देतो. तर म्हणाला, "लिही, पण सोपं लिही. मागच्या अंकातला तुझा लेख मला दोनदा वाचावा लागला."

तर दोस्तांनो, हे ते उत्तर. आधीच सांगून टाकतो, त्याचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. कुठलं अर्धं, एवढंच ठरवायला ही पानं लागली.

आधी माल काय आहे ते बघू. १९७७ च्या आसपास पंक नावाचं वादळ उठलं. तीन कॉर्ड, दोन मिनिटं, गाता येत नसलं तरी चढ स्टेजवर. ते वादळ दोन-तीन वर्षांत आपल्याच वेगाने दमलं. त्याच्यानंतर ज्यांनी वेग कमी केला, गिटार बाजूला सारून बेस पुढे आणला, मोकळी जागा आणि घुमारा गाण्यात घेतला, त्यांच्या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात. हा बेस आला कुठून? बराचसा जमैकाच्या डब आणि रेगेमधून. लंडनच्या 'रॉक्सी' क्लबात १९७७ साली रेकॉर्डी लावायला डॉन लेट्स हा काळा पोरगा होता. पंकच्या रेकॉर्डीच अजून धड निघाल्या नव्हत्या, म्हणून तो रेगे लावायचा आणि गोरी पोरं तेच ऐकत तयार झाली. ही उधारी इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत मिटवतात. आपण ती उधारी म्हणूनच वहीत मांडून ठेवू.

डेथरॉक म्हणजे याच सुमाराला, १९७९ ते १९८३ दरम्यान, अमेरिकेत मुख्यतः लॉस एंजेलिस शहरात पंकच्या पोटातून निघालेली धार. चेहऱ्याला पांढरी पावडर, डोळ्यांभोवती काजळाचे खड्डे, फाटकी लेस, गळ्यात क्रूस. ढोलासारखे घुमणारे ड्रम, थरथरणारी गिटार, आणि गाणारा माणूस गातोय की आजारात बरळतोय ते कळू नये असा आवाज. लंडनमध्ये 'बॅटकेव्ह' क्लब उघडला तो १९८२ च्या जुलैत. त्याच्या आधीच ही अमेरिकन पोरं कामाला लागलेली होती. तेव्हा डेथरॉक म्हणजे इंग्रजी गॉथची अमेरिकन नक्कल, असं कुणी सांगितलं तर त्याला तारखा दाखवायच्या आणि पुढे चालायला लागायचं. बाउहाउस, सूझी यांचा प्रभाव होता, नाही असं नाही. पण मूळ तिथलं नव्हे.

मग मूळ कुठलं? माझा मुद्दा इथूनच सुरू होतो.

१९५६ साली क्लीव्हलँडचा एक काळा गायक, स्क्रीमिन जे हॉकिन्स, 'आय पुट अ स्पेल ऑन यू' नावाचं गाणं ध्वनिमुद्रित करतो. मुळात ते हळवं प्रेमगीत व्हायचं होतं. मुद्रणाच्या वेळी सगळे दारूत झिंगले होते असं सांगतात, आणि निघालं ते किंकाळ्या, गुरगुरणं, हुंदके यांचं गाणं. कित्येक रेडिओ केंद्रांनी त्यावर बंदी घातली. बंदी म्हटल्यावर मागणी आलीच. तेव्हा अ‍ॅलन फ्रीड नावाच्या गोऱ्या रेडिओवाल्याच्या डोक्यातून निघालं, की या माणसाला शवपेटीतून बाहेर येताना दाखवायचं. हॉकिन्स आधी तयार नव्हता. पैसे पुढे सरकवले गेले, तो पेटीत शिरला. पुढे झगा आला, काठीवर कवटी आली, नाकात हाड आलं. नाकात हाड! आफ्रिकेतला माणूस म्हणजे नरभक्षक, हे गोऱ्यांच्या कार्टूनमधलं चित्र काळ्या माणसाने स्वतःच्या तोंडावर लावून फिरायचं. काळ्या समाजातूनही त्याच्यावर टीका झाली, आणि ती वावगी नव्हती.

पण या माणसाला ऑपेरा गायचा होता. तेवढा गळाही होता त्याच्याकडे. मला नुसता गायक म्हणून ऐका, बुजगावणं करू नका, असं तो पुढे मुलाखतींतून सांगत राहिला. ऐकलं नाही कुणी. लोक शवपेटी बघायला येत. २००० साली तो फ्रान्समध्ये मेला.

आता बघा. मरणाचा पोशाख घालून स्टेजवर येणं हे ज्या संगीताचं मूळ चिन्ह, ते चिन्ह पहिल्यांदा अंगावर घालणाऱ्यांत हा काळा माणूस होता, आणि त्याच्यासाठी ते बंड नव्हतं, नोकरी होती. पंचवीस वर्षांनी गोऱ्या पोरांनी तेच चिन्ह स्वतःहून उचललं तेव्हा ते बंड झालं. पोशाख एकच. एकाला तो काढता येत नाही, दुसरा सकाळी तोंड धुतो आणि मोकळा होतो.

माझ्या साथीचं जे अर्धं म्हणणं मला मान्य आहे ते हे.

याच्याहून बोचरी गोष्ट डेट्रॉइट शहरातली आहे. हॅकनी आडनावाचे तीन काळे भाऊ, डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बँड काढतात. आसपासचे सगळे काळे वादक सोल आणि फंक वाजवत असताना हे तिघे कडक, वेगवान रॉक वाजवतात. पंक हा शब्द अजून रुळायचा होता तेव्हा यांचं पंक चालू होतं. बँडचं नाव काय? 'डेथ'. वडील अपघातात गेले, त्यानंतर थोरल्या डेव्हिडने ठरवलं की मरण या शब्दातलं भय आपण काढून घ्यायचं. १९७५ साली त्यांनी सात गाणी मुद्रित केली. क्लाइव्ह डेव्हिस हा रेकॉर्ड धंद्यातला बडा माणूस तयार झाला, पण म्हणाला नाव बदला. डेव्हिड म्हणाला, नाही. व्यवहार बोंबलला. १९७६ साली त्यांनी स्वतःच एका छोट्या रेकॉर्डच्या पाचशे प्रती काढल्या, आणि संपलं. डेव्हिड २००० साली कॅन्सरने वारला. जाण्याआधी मूळ टेपा भावाच्या हवाली करून गेला, की जग एक दिवस या शोधत येईल. जग २००९ साली आलं. तेव्हा कुठे तो अल्बम निघाला.

डेथ हा डेथरॉकचा बँड नव्हे, गल्लत करू नका. पण नावाचा प्रश्न बघा. १९७५ साली तीन काळ्या भावांनी 'मरण' असं नाव घेतलं तर ते विकलं जाणार नाही, असं धंदा सांगतो. आणि सात वर्षांनी, १९८२ साली, लॉस एंजेलिसमध्ये 'क्रिश्चन डेथ' नावाच्या बँडचा अल्बम सुखरूप दुकानात पोचतो. तो छोट्या कंपनीने काढला हे खरं, बड्या कंपन्यांनी यांनाही दारात उभं केलं नसतं. पण मधल्या काळात एका शब्दाची जात बदलली. कुणाच्या तोंडी तो शब्द आहे त्यावर बदलली.

इथे थांबलो असतो तर लेख लहान झाला असता आणि साथी खूश झाला असता. पण लॉस एंजेलिसमध्ये शिरल्यावर प्रकरण एवढं सरळ राहत नाही.

हॉलिवूडमध्ये १९७७ साली ब्रेंडन मलन या स्कॉटिश माणसाने एका तळघरात 'मास्क' नावाचा अड्डा उघडला. घाण, कोंदट, भिंती रंगवलेल्या. तिथे जे बँड वाजले त्यांत एक होता 'बॅग्ज'. गाणारी होती अ‍ॅलिस बॅग, खरं नाव अ‍ॅलिसिया आर्मेंडारिझ. आईबाप मेक्सिकोहून आलेले, घर पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीत. शाळेत गेली तेव्हा तिला फक्त स्पॅनिश येत होतं. बाप आईला मारायचा, ते बघत ती वाढली. हे सगळं तिने 'व्हायोलन्स गर्ल' या २०११ सालच्या आत्मकथनात लिहिलंय. आपल्याकडे आत्मकथनं वाचलेल्या माणसाला ते पुस्तक परकं वाटत नाही. घरातली मारहाण, लाज, भाषेवरून झालेला पाणउतारा, आणि मग एक दिवस हातात माइक. स्टेजवर ती अशी तुटून पडायची की पुढे उभे असलेले मागे सरकत. तिच्या त्या रागाला मेक्सिकन रांचेरा गाण्यांचाही वारसा आहे असं ती स्वतः सांगते. म्हणजे हा राग लंडनहून पार्सलने आलेला नव्हता.

आता पुढचं लक्षपूर्वक वाचा, कारण डेथरॉकची आई इथे आहे. बॅग्जची बेसवादक पॅट्रिशिया मॉरिसन पुढे 'गन क्लब'मध्ये आणि मग इंग्लंडात 'सिस्टर्स ऑफ मर्सी'मध्ये गेली. बॅग्जमधलाच रॉब रिटर 'फोर्टी फाइव्ह ग्रेव्ह' या बँडमध्ये गेला. आणि १९८० च्या सुमाराला अ‍ॅलिस स्वतः 'कॅस्ट्रेशन स्क्वॉड' या निव्वळ बायकांच्या बँडमध्ये बेस वाजवू लागली. त्याच बँडमध्ये होती मेरी सिम्स, जी डायना कॅन्सर या नावाने फोर्टी फाइव्ह ग्रेव्हची गायिका झाली. म्हणजे काळी लेस, मढ्याचा चेहरा, क्रूस हा सगळा साज इथे पहिल्यांदा चढवणाऱ्यांत बायका होत्या. इतिहास लिहिणारे मात्र पहिलं नाव पुरुषाचं घेतात.

या बायकांनी मढ्याचं रूप का घेतलं? माझा अर्थ सांगतो, पटतो का बघा. १९७७-७८ च्या हिवाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये दोन पुरुषांनी दहा बायका-मुलींचे खून केले आणि प्रेतं डोंगरउतारांवर टाकली. सगळं शहर महिनोन्‌महिने वर्तमानपत्रात बाईचं प्रेत बघत होतं. त्याच शहरात हॉलिवूडचा कारखाना वर्षानुवर्षं पडद्यावर बाईचं प्रेत सुंदर करून दाखवत आला होता. अशा शहरात दोन वर्षांनी चार-पाच पोरी मढ्याचा चेहरा रंगवून स्टेजवर येतात, बँडचं नाव ठेवतात खच्चीकरण पथक, आणि किंचाळतात. हे मरणाचे लाड आहेत? मला तर वाटतं, प्रेत उठून साक्ष द्यायला आलंय.

फोर्टी फाइव्ह ग्रेव्ह एवढी गंभीर नव्हती, हेही सांगायला हवं. त्यांना विनोद कळायचा. 'स्लीप इन सेफ्टी' हा त्यांचा १९८३ सालचा अल्बम ऐकताना जत्रेतल्या भुताच्या तंबूत शिरल्यासारखं होतं, भीती आणि हसू एकदम. त्यांचं 'पार्टीटाइम' १९८५ साली 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' या भयपटात घेतलं गेलं. रॉब रिटर १९९० साली हेरॉइनने गेला. या लोकांच्या कहाणीत हे वाक्य फार वेळा लिहावं लागतं.

आता मुख्य दोन अल्बम. गन क्लबचा 'फायर ऑफ लव्ह', १९८१. क्रिश्चन डेथचा 'ओन्ली थिएटर ऑफ पेन', १९८२. दोन्ही मी पन्नासेक वेळा तरी ऐकले असतील. दोन्ही मला आवडतात, आणि दोन्हींत माझ्या घशात अडकणारा एकेक काटा आहे. तो काटा टाळून कौतुक करणारे समीक्षक मला आवडत नाहीत. काटा दाखवून अल्बम फेकून देणारेही नाहीत.

गन क्लबचा जेफ्री ली पिअर्स. आई मेक्सिकन वंशाची. त्याने मिसिसिपीच्या काळ्या मजुरांचा ब्लूज घेतला, रॉबर्ट जॉन्सनचं गाणं घेतलं आणि त्यात पंकची माती कालवली. हे मिश्रण अफलातून आहे. रात्रीच्या रानातून कुणीतरी धापा टाकत पळतंय असा आवाज. पण 'फॉर द लव्ह ऑफ आयव्ही' या गाण्यात एका ठिकाणी काळ्यांसाठीची ती शिवी येते, तीही शिकारीच्या संदर्भात. बचाव असा करतात की हा पिअर्स बोलत नाही, दक्षिणेतला एक खुनी बोलतोय, ते पात्र आहे. असेल पात्र. पण ज्यांचं संगीत घेऊन तू हे पात्र उभं केलंस, त्यांचाच पूर्वज त्या रानात पळत होता. सूर पळणाऱ्याचा आणि शब्द मारेकऱ्याचा, हा कसला न्याय? जॉन्सनकडून गाणं घेतलंस तेव्हा नजरही घ्यायची होतीस.

क्रिश्चन डेथचा रॉझ विल्यम्स पोमोनाचा, १९६३ चा जन्म. घर कडव्या बॅप्टिस्ट श्रद्धेचं. पोरगा स्त्रैण, पुरुषांवर प्रेम करणारा. अशा पोराला देव कसा भेटत असेल ते सांगायला नको. सोळाव्या वर्षी बँड काढला, अल्बम निघाला तेव्हा विशीही गाठली नव्हती. रिक अ‍ॅग्न्यूची गिटार त्यात अशी वाजते की भिंतीतून पाणी झिरपतंय असं वाटावं. आणि त्यावर रॉझचा आवाज, चर्चमधल्या प्रार्थनेची खोड मोडलेला. धर्माने ज्याला घरातच मेलेला ठरवलं तो त्याच धर्माचे शब्द, क्रूस, रक्त, देवदूत, उलटे करून परत फेकतोय. हा खरा नकार आहे. बायबल वाचून पाठ केलेल्या माणसाचा नकार. बाहेरच्याला तो जमत नाही.

आणि याच अल्बममध्ये 'रोमियोज डिस्ट्रेस' आहे. त्यात काळ्या माणसाच्या अंगणात जळणाऱ्या क्रूसाची प्रतिमा आहे, आणि त्या माणसासाठी तीच शिवी. जळता क्रूस म्हणजे काय हे आपल्यातल्या काहींना माहीत नसेल: क्लू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांची दहशती टोळी काळ्यांना धमकावायला त्यांच्या दारात क्रूस पेटवायची. रॉझचा रोख गोऱ्या ख्रिस्त्यांच्या ढोंगावर आहे, यात मला शंका नाही. रोख बरोबर आहे. पण गाण्यात तो काळा माणूस कुठाय? अंगण आहे, क्रूस आहे, शिवी आहे. माणूस घरातून बाहेर येत नाही. त्याचं अंगण रॉझने आपल्या भांडणासाठी वापरलं. बापाशी आणि देवाशी भांडण, आणि आग शेजाऱ्याच्या दारात.

शब्द कुणाच्या तोंडी आहे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. जातीचं नाव आपण आपल्या कवितेत लिहितो तेव्हा एक होतं, आणि दुसरा कुणी 'धक्का देण्यासाठी' लिहितो तेव्हा वेगळं. धक्का द्यायचा तर स्वतःच्या घराला द्यावा. हेच मी लंडनच्या पंकवाल्यांनाही म्हणेन, ज्यांनी १९७६ साली दंडावर नाझी स्वस्तिक मिरवलं. सूझीने मिरवलं, पुढे तिने नाझीविरोधी चित्रकार जॉन हार्टफील्डला एक गाणं अर्पण केलं, १९८० साली 'इस्रायल' नावाचं गाणं काढलं. तिला चूक कळली असावी. पण आधी मिरवायची आणि मग समजायचं, ही चैन सगळ्यांना परवडत नाही.

काळ कुठला होता तेही मनात धरा. ५ जून १९८१ ला अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याच्या साप्ताहिकात पाच रुग्णांची नोंद छापून आली. पाचही तरुण, समलिंगी, पाचही लॉस एंजेलिसचे. एड्सची ती पहिली छापील नोंद. तेव्हा रोगाला नावही नव्हतं. डेथरॉक त्यातून जन्मलं असं मी म्हणणार नाही, ते आधीच सुरू झालं होतं. पण १९८२ नंतर त्या शहरात समलिंगी पोरांनी मढ्याचा चेहरा रंगवला तर तो नुसता रंग राहिला नव्हता. एखादं सोंग कधी कधी माणसाच्या आधी पोचतं, आणि मग खरं होऊन वाट बघत बसतं.

याच शहराच्या पूर्व भागात मरणाची दुसरीच रीत चालू होती. सिस्टर कारेन बोक्कालेरो या जोगिणीने तिथे 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स' ही छापकामाची कार्यशाळा उभी केली होती. मेक्सिकन वस्तीतली पोरं तिथे फुकटात चित्रं छापायला शिकत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे मृतांचा दिवस साजरा व्हायला लागला. साखरेच्या कवट्या, झेंडू, मेणबत्त्या, मेलेल्यांसाठी ताट. आणि १९८० साली त्याच इमारतीत 'व्हेक्स' हा पंक क्लब उघडला. 'लॉस इलीगल्स'चा विली हेरॉन त्यात पुढे होता. मला कुणी विचारलं की तुला टाइम-मशीन दिलं तर कुठे जाशील, तर मी मास्कमध्ये जाणार नाही, व्हेक्समध्ये जाईन. एकाच छताखाली नोव्हेंबरात आजीच्या फोटोपुढे झेंडू, आणि एरवी शनिवारी गिटारचा गदारोळ. तिथे मरण पोशाख नव्हतं, नातेवाईक होतं. ते क्लब प्रकरण त्या जागेत टिकलं नाही. एका कार्यक्रमात जमावाने तिथल्या कलाकृतींची मोडतोड केली.

पूर्व लॉस एंजेलिसला हॉलिवूडने बाहेर ठेवलं, असं सरसकट म्हणण्याचा मोह इथे होतो. अ‍ॅलिस बॅगला ते मान्य नाही. ती सांगते की सुरुवातीचा हॉलिवूड पंक मिश्र होता. मेक्सिकन, गोरे, समलिंगी, बायका, सगळे. गोऱ्या उपनगरांतली दांडगट पोरं नंतर आली आणि स्टेजपुढची जागा त्यांनी व्यापली, तेव्हा बायका आणि बाकीचे कडेला गेले. ती तिथे होती, मी नव्हतो. तिचं मी प्रमाण मानतो. गन क्लबचा किड काँगो पॉवर्स बघा ना, मेक्सिकन घरचा, समलिंगी, ला प्वेंतेचा. तो तिथून क्रॅम्प्समध्ये आणि निक केव्हच्या बँडमध्ये पोचला. २०२२ साली त्याचंही आत्मकथन आलंय.

रॉझचं पुढे काय झालं? १९८३ ला व्हॅलर कँड बँडमध्ये आला, १९८५ ला रॉझ बाहेर पडला, आणि क्रिश्चन डेथ हे नाव व्हॅलरकडे राहिलं. पुढे बरीच वर्षं एका नावाचे दोन बँड, कोर्टकचेऱ्यांची भाषा, चाहत्यांच्या दोन पार्ट्या. फुटीर गटांचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायला नको, तेव्हा यात जास्त शिरत नाही. १ एप्रिल १९९८ ला रॉझने आत्महत्या केली. वय ३४. त्याच्या मरणाची पोस्टरं करून विकणाऱ्यांबद्दल मला काही चांगलं लिहायचं नाही. पोरगा आजारी होता, नशेत होता, दुःखी होता. त्याच्या गाण्याचं मोल त्याने केलेल्या शेवटाने वाढत नाही. हे मी खास तरुण वाचकांसाठी लिहितोय. तो जगला असता तर आज साठीत असता, आणि त्या एका ओळीबद्दल त्याला विचारता आलं असतं.

नावाचं भांडण निघालं म्हणून मालकीची दुसरी गोष्ट. ती अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाची, न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्स वस्तीतली. पोरी रस्त्याला लागू नयेत म्हणून आईने वाद्यं आणून दिली आणि स्क्रॉगिन्स बहिणींनी 'ईएसजी' नावाचा बँड काढला. बेस, ड्रम, काँगा, आवाज. बाकी काही नाही. १९८१ साली जॉय डिव्हिजनचा निर्माता मार्टिन हॅनेट याने त्यांची तीन गाणी मुद्रित केली. त्यातलं 'यूएफओ' ऐका. अंधारातून सायरन यावा तसा सूर. पोस्ट-पंकमधला सगळ्यात भयाण तुकडा मला तोच वाटतो, आणि त्यात एकही कवटी नाही. तो सूर पुढे शेकडो हिप-हॉप गाण्यांत कापून चिकटवला गेला. १९९२ साली बहिणींनी एक रेकॉर्ड काढली, तिचं नावच असं की सॅम्पलच्या श्रेयाने आमची बिलं भागत नाहीत. यावर मी काय समीक्षा करणार?

आता आजचं. डेथरॉक मेलं नाही. मरणार कसं, त्याचा धंदाच तो. रॉझ गेला त्याच १९९८ साली लाँग बीचच्या एका दारूच्या अड्ड्यात 'रिलीज द बॅट्स' नावाची महिन्याची रात्र सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षं चालली. डायना कॅन्सरने फोर्टी फाइव्ह ग्रेव्ह पुन्हा उभं केलं. पासाडेनात २०२२ साली 'क्रूएल वर्ल्ड' नावाचा भलामोठा उत्सव भरला, जुने गॉथ आणि पोस्ट-पंकवाले सगळे एका मैदानावर, तिकिटं आपल्या दोन महिन्यांच्या खोलीभाड्याएवढी. तळघरातून निघालेली गोष्ट मैदानावर पोचली की तिच्या अंगावरचा पोशाख दुकानात मिळू लागतो. ते झालंच.

पण खाली, लहान जागांत, वेगळं चाललंय. दक्षिण कॅलिफोर्निया आणि टेक्सासच्या या अड्ड्यांत आज मेक्सिकन घरांतली पोरंपोरी मोठ्या संख्येने दिसतात. 'ट्विन ट्राइब्ज' ही जोडी ब्राउन्सव्हिलची, म्हणजे ऐन सरहद्दीवरची. नदीपलीकडे मेक्सिको. त्यांचं काम मला जरा जास्तच नीटनेटकं वाटतं, इस्त्री केलेल्या काळ्या शर्टासारखं, पण चाल पक्की आहे. सॅन डिएगोचा 'प्रेयर्स' २०१३ पासून स्वतःला चोलो गॉथ म्हणवतो. चोलो म्हणजे मेक्सिकन वस्तीतला टोळीवाला पोरगा. त्याचा गायक राफाएल रेयेस टोळीतूनच आलेला. फुशारकी खूप आहे त्याच्यात, छाती काढून चालतो. पण मेलेल्या दोस्तांबद्दल गातो तेव्हा फुशारकी गळते आणि त्याच्या पुढ्यात खरे मेलेले असतात.

आणि काळे लोक? ब्रुकलिनच्या 'लाइट असायलम'ची शॅनन फंचेस. 'डार्क अलाइज' २०१० चं आहे. तो खोल, भारदस्त आवाज ऐकून मी पहिल्यांदा उठून बसलो. एम. लामार हा काळा गायक स्वतःच्या कामाला नीग्रोगॉथिक म्हणतो. पियानो आणि उंच पट्टीतला, जवळजवळ ऑपेराचा आवाज, आणि विषय गुलामांचं जहाज, फास, मळे. हॉकिन्सला जो ऑपेरा गाऊ दिला नाही तो हा गातोय, आणि नाकात हाड न घालता. लीला टेलर या काळ्या गॉथ बाईचं 'डार्कली' हे पुस्तक २०१९ साली आलं. तिचं म्हणणं असं की अमेरिकेचं खरं झपाटलेलं घर म्हणजे गुलामगिरी. भूत शोधायला पडक्या किल्ल्यात जायची गरज नाही, कापसाचं शेत पुरे. आपण काळ्यांचं साहित्य वाचलं, त्यांच्या पँथरचं नाव घेतलं, त्यांचा जॅझ-ब्लूज कौतुकाने ऐकला. काळी बाई गॉथ असते, हे आपल्या यादीत कधी नव्हतं. माझ्याही नव्हतं.

म्हणून साथीला माझं सांगणं असं. पोटभरल्यांचं नाटक यात आहे, भरपूर आहे. पण मरण कुणाचं आणि पोशाख कुणाचा, हे प्रत्येक गाण्याला वेगळं विचारावं लागतं. बँडला विचारून भागत नाही, कधी कधी एकाच गाण्याच्या दोन ओळींना वेगळं विचारावं लागतं.

तो येत्या रविवारी पुन्हा मुक्कामाला येतोय. क्रम ठरवून ठेवलाय. आधी हॅकनी भावांचं 'पॉलिटिशियन्स इन माय आइज'. मग बॅग्जचं 'सर्व्हाइव्ह'. मग फंचेस. मग चहा. आणि चहानंतर 'रोमियोज डिस्ट्रेस' लावणार. ती ओळ येईल तेव्हा मी गाणं बंद करणार नाही, आवाजही कमी करणार नाही. त्याला इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तो काय म्हणतो ते पुढच्या अंकात त्यानेच लिहावं, असं मी संपादकांना सांगून ठेवलंय.